प्लास्टिकच्या पाईपातील खनिज भुकटी आणि तिला साथ देणारी द्रव्ये

विहिरीचे पाणी शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यासाठी पूर्वी मातीचा पाट हेच एक साधन होते. पाटातून वाहणाऱ्या पाण्याचा बराच भाग वाटेतच जमिनीत मुरून जाई. आज त्या पाटाची जागा बहुतेक ठिकाणी पी.व्ही.सी.च्या पाईपाने घेतली आहे. पाईपावर होणारा खर्च एका हंगामापुरता नसतो. तो पुढील अनेक वर्षांच्या बागायतीचा पाया असतो. बियाणे घेताना शेतकरी त्याची जात व उगवणशक्ती विचारतो, खत घेताना त्यातील नत्र-स्फुरदाचे प्रमाण पाहतो. पाईप घेताना मात्र तो कशाचा बनला आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही उणीव काही अंशी भरून काढावी, हा या लेखाचा हेतू आहे.

एका गावचा अनुभव

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका गावी गव्हाची पाहणी करण्यासाठी जाण्याचा प्रसंग आला. पेरणीला अठरा-एकोणीस दिवस झाले होते. मुकुटमुळे फुटण्याची वेळ जवळ आली होती, आणि या वेळी पाण्याचा ताण बसल्यास फुटवे कमी येतात, हे सर्वांस माहीत आहेच. शेतकऱ्याने त्याच आठवड्यात नवे पाईप आणले होते. पहाटेच्या थंडीत ट्रॉलीतून उतरविताना एक पाईप हातातून निसटून दगडावर पडला आणि काच तडकावी तसा उभा चिरला. उरलेले पाईप जोडून पंप सुरू केला, तेव्हा आणखी दोन पाईप जोडाजवळ फुटले. दुसरे पाईप येऊन पाणी सुरू होईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या शेतातील फुटव्यांची संख्या पुढे शेजारच्या शेताच्या मानाने उघडच कमी दिसत होती.

शेतकऱ्याने त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "साहेब, दोन दुकानांतले पाईप हातात धरून पाहिले, आणि त्यांतला जड होता तोच घेतला. मग फुटला कसा?"

या प्रश्नाचे उत्तर असे की, पाईप जड होता म्हणजे त्यात प्लास्टिक जास्त होते असे नव्हे. त्याचा जडपणा बहुधा दगडाच्या भुकटीचा होता. हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

पाईप कशाचा बनतो?

पी.व्ही.सी. ही मुळात एक पांढरी, पिठासारखी राळ असते. खनिज तेल किंवा वायू यांपासून मिळणारे इथिलीन आणि मिठापासून मिळणारा क्लोरीन यांच्या संयोगाने ती तयार होते. वजनाने पाहिल्यास तिचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनच असतो. ही राळ नुसती तापवून पाईप काढता येत नाही, कारण तापविताच ती विघटित होऊ लागते व तिच्यातून आम्लाचा वायू बाहेर पडतो. म्हणून तिच्यात काही पूरक द्रव्ये मिसळावी लागतात. उष्णतेपासून राळेचे रक्षण करणारे स्थिरकारक, यंत्रातून ती सुरळीत सरकावी म्हणून घातलेले मेणासारखे वंगण, आणि उन्हापासून बचाव करणारे टिटॅनियम डायॉक्साइड ही त्यांतील मुख्य होत. पूर्वी स्थिरकारक म्हणून शिशाची संयुगे सर्रास वापरीत. शिसे आरोग्यास घातक असल्याने भारत सरकारने २०२१ साली नियम करून पाईपांतील त्याच्या वापरास टप्प्याटप्प्याने आळा घातला. त्याऐवजी कॅल्शियम व जस्त यांची संयुगे वापरता येतात.

यांखेरीज पाईपात घातला जाणारा आणखी एक पदार्थ म्हणजे चुनखडीची बारीक भुकटी. या भुकटीला भरणद्रव्य म्हणतात; व्यवहारात तिला भरताड असेही म्हणता येईल.

भरताड म्हणजे भेसळ काय?

चुनखडीचे नाव ऐकताच ती भेसळ असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हा समज पूर्णतः बरोबर नाही. घराच्या भिंतीस मातीचा गिलावा करताना चिखलात भुसा कालवितात. तो माती वाचविण्यासाठी नव्हे, तर गिलाव्याला भेगा पडू नयेत म्हणून. प्लास्टिकमध्ये खनिज घालण्यामागेही केवळ काटकसर नसते. चुनखडीचा दगड पी.व्ही.सी.च्या मानाने वीसपटींहून अधिक ताठर आहे. त्याचे कण योग्य प्रमाणात मिसळले असता पाईपाचा ताठरपणा वाढतो, म्हणजे वरून मातीचा भार आला तरी तो सहजासहजी चेपत नाही. अर्थात भुकटी राळेपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने तिच्यामुळे खर्चही कमी होतो, हेही खरे. आणि मोह नेमका येथेच उत्पन्न होतो.

दाबाखालील पाण्यासाठी असलेल्या पाईपात शंभर भाग राळेस भुकटीचे प्रमाण साधारणतः दहा भागांच्या आत ठेवतात. विजेच्या तारा ओवण्याच्या नळ्यांवर आतून पाण्याचा दाब नसतो, म्हणून त्यांत ते पुष्कळ अधिक चालते. एका कामासाठी योग्य असलेले प्रमाण दुसऱ्या कामासाठी घातक ठरते, ते असे.

भुकटीने दुबळेपणा कसा येतो?

कोणत्याही वस्तूच्या बळाचा विचार करताना तीन गुण वेगवेगळे ओळखले पाहिजेत. पहिला ताठरपणा, म्हणजे भार आला असता न वाकण्याचा गुण. दुसरी ताणशक्ती, म्हणजे ओढले असता न तुटण्याचा गुण. तिसरी आघातसहनशक्ती, म्हणजे अकस्मात बसलेला तडाखा पचविण्याचा गुण. काच ताठर असते, पण तडाखा सोसत नाही. सायकलची रबरी ट्यूब तडाखा सोसते, पण ताठ राहत नाही. पाईपाला हे तिन्ही गुण लागतात. पंप सुरू-बंद होताना आतील पाण्याचा धक्का बसतो, वरून माती दाबते, आणि हाताळताना तो पडतो किंवा आपटतो.

नुसती भुकटी वाढवीत गेल्यास ताठरपणा वाढतो, परंतु उरलेले दोन गुण घटत जातात. याचे कारण समजण्यास ढेकळांचे उदाहरण पुरे आहे. नीट न कुळवलेल्या रानात ढेकळे राहिली, तर त्या जागी बियाणे मातीला धरून बसत नाही व उगवण विरळ होते. प्लास्टिकमध्येही तसेच घडते. चुनखडीच्या कणांचा पृष्ठभाग पाण्याशी सलगी करणारा असतो. प्लास्टिकशी त्याचे जमत नाही. त्यामुळे कण प्लास्टिकमध्ये विखुरण्याऐवजी एकमेकांस चिकटून गुठळ्या करतात. पाईपावर ताण आला की तो ताण अशा गुठळीच्या कडेस एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. कण जाड असले तरी हाच परिणाम होतो. म्हणून चांगल्या पाईपासाठी एक ते तीन मायक्रॉन इतकी बारीक भुकटी निवडतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग होय.

थंडीत पी.व्ही.सी.ची आघातसहनशक्ती मुळातच कमी होते. त्यात भरताड अतोनात असेल, तर डिसेंबरच्या पहाटे दगडावर पडलेला पाईप चिरावा, यात नवल नाही.

भुकटीला लेप

या दोषावरील पहिला उपाय शेतकऱ्यांच्या परिचयातील बीजप्रक्रियेसारखा आहे. पेरणीपूर्वी आपण बियाण्यास औषधाचा पातळ लेप देतो. त्याप्रमाणे चुनखडीच्या भुकटीस कारखान्यात स्टिअरिक आम्लाचा लेप देतात. स्टिअरिक आम्ल हे तेल व चरबी यांपासून मिळणारे मेणासारखे द्रव्य असून साबण व मेणबत्त्यांतही ते वापरले जाते. भुकटीच्या वजनाच्या सुमारे एक टक्का एवढा लेप पुरतो.

या द्रव्याच्या प्रत्येक रेणूला दोन टोके असतात. एक टोक आम्लाचे असते. ते चुनखडीतील कॅल्शियमशी संयोग पावून कणास घट्ट धरते. दुसरे टोक म्हणजे लांब, स्निग्ध शेपटी. ती बाहेरच्या बाजूस राहते व प्लास्टिकशी सहज मिसळते. असा लेप बसल्यावर कण एकमेकांस चिकटत नाहीत, गुठळ्या होत नाहीत आणि भुकटी सर्वत्र सारखी पसरते.

याचा आणखी एक लाभ आहे. लेप दिलेल्या बारीक कणावर प्लास्टिकची पकड फार घट्ट नसते. तडाखा बसला की ती पकड सुटून कणाभोवती सूक्ष्म पोकळी उघडते आणि भोवतालचे प्लास्टिक थोडे ताणले जाते. अशा असंख्य ठिकाणी वाटली गेल्यामुळे तडाख्याची शक्ती एका जागी तडा पाडण्याऐवजी जागच्या जागी खर्च होते. म्हणजे जी भुकटी लेपाविना व अतिरेकाने वापरली असता पाईप ठिसूळ करते, तीच बारीक, लेपयुक्त आणि प्रमाणात असली तर त्याची आघातसहनशक्ती राखते, काही वेळा वाढवितेही.

लेप आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. भुकटीची चिमूट पाण्यावर टाकावी. लेप नसलेली भुकटी ओली होऊन तळाशी बसते. लेप दिलेली पाण्यावर तरंगत राहते.

तडाखा पचविणारी द्रव्ये

दुसरा उपाय रबरासारखी मऊ द्रव्ये मिसळण्याचा. पी.व्ही.सी.मध्ये यासाठी क्लोरीनयुक्त पॉलिथीन किंवा ॲक्रिलिक जातीची द्रव्ये वापरतात. खिडक्यांच्या प्लास्टिक चौकटी व काही प्रकारचे पाईप यांत ती आढळतात. यांचे सूक्ष्म मऊ कण पाईपाच्या अंगात विखुरलेले असतात, आणि पुढे सरकणारा तडा त्यांच्यापाशी येऊन थबकतो. परंतु ही द्रव्ये महाग आहेत, व जास्त घातल्यास ताठरपणा घटतो. म्हणून भुकटी ताठरपणा देते आणि मऊ द्रव्य तडाखा पचविते, असा दोहोंचा मेळ घालावा लागतो. एकच द्रव्य सर्व गुण देईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. नत्र कितीही दिले तरी ते पालाशाची जागा घेऊ शकत नाही, तसेच हे.

कण आणि प्लास्टिक यांचा सांधा

शेतमाल भरण्याचे क्रेट, खुर्च्या, यंत्रांचे भाग व मोटारींचे बंपर यांसाठी पॉलिप्रॉपिलीन नावाचे दुसरे प्लास्टिक पुष्कळ वापरले जाते. यातील अनेक वस्तूंत चुनखडीखेरीज शंखजिऱ्याची भुकटीही घालतात. शंखजिऱ्याचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात. वोलॅस्टोनाइट नावाच्या खनिजाचे कण सुईसारखे असतात. गोल दाण्यापेक्षा पापुद्रा व सुई ही जास्त दूरपर्यंत ताण वाहून नेतात, त्यामुळे यांनी ताठरपणा अधिक वाढतो. ही दोन्ही खनिजे आपल्या देशात मुख्यत्वे राजस्थानात सापडतात.

मात्र ताण वाहून नेण्यासाठी कण व प्लास्टिक यांची पकड घट्ट असावी लागते. तेथे नुसता स्निग्ध लेप पुरत नाही. सांधा जोडणारे द्रव्य लागते. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोड्या प्रमाणात मिसळतात. त्याचा एक भाग खनिजास धरतो व उरलेला भाग भोवतालच्या प्लास्टिकमध्ये गुंतून जातो. काच, चिनी माती व वोलॅस्टोनाइट यांच्यासाठी सिलेन नावाची द्रव्ये हेच काम करतात. चुनखडीवर मात्र सिलेनची पकड नीट बसत नाही, कारण सिलेनला धरण्यास लागणारी जागा तिच्या पृष्ठभागावर पुरेशी नसते. तात्पर्य, प्रत्येक खनिजाला त्याचे योग्य ते साथीचे द्रव्य द्यावे लागते.

ठिबक व तुषार सिंचनाच्या काळ्या पॉलिथीन नळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांत सामान्यतः खनिज भुकटी घालीत नाहीत. त्यांचा काळा रंग हा काजळीसारख्या कार्बनचा असून त्याचे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास असते. उन्हाने प्लास्टिक कुजू नये म्हणून तो घालतात. त्याच्याही गुठळ्या राहिल्यास नळी तेथे फुटते.

जडपणाची खरी परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शुद्ध पी.व्ही.सी. पाण्याच्या सुमारे १.४ पट जड असते, तर चुनखडी सुमारे २.७ पट. म्हणून भुकटी जितकी जास्त, तितका तेवढ्याच आकाराचा पाईप जड. हिशेबाने पाहता, शंभर भाग राळेत आठ भाग भुकटी असल्यास पाईपाची घनता सुमारे १.४५ येते. पंचवीस भाग असल्यास ती १.५५ आणि चाळीस भाग असल्यास १.६२ च्या आसपास जाते. इतर पूरक द्रव्यांमुळे यात किंचित फरक पडतो.

ही घनता गावातही मोजता येते. यासाठी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा, पाण्याचे भांडे व दोरा एवढेच साहित्य पुरते. कृती अशी :

१. ९० मिलिमीटर व्यासाच्या पाईपाचा वीतभर लांबीचा तुकडा कापून, पुसून त्याचे वजन करावे. समजा, ते ३०० ग्रॅम भरले.

२. पाण्याने अर्धे भरलेले मोठे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा.

३. तुकडा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने धरावा. तो भांड्याच्या तळास किंवा कडेस टेकू देऊ नये, व त्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाकावेत.

४. या वेळी काटा जे वजन दाखवील, त्याने पहिल्या वजनास भागावे. काट्याने २०७ दाखविले, तर ३०० भागिले २०७ म्हणजे १.४५, पाईपात भुकटी माफक आहे. काट्याने १८५ दाखविले, तर भागाकार १.६२ येतो, असा पाईप दाबाच्या पाण्यासाठी घेऊ नये.

काळ्या पॉलिथीन नळीची परीक्षा याहूनही सोपी आहे. चांगली नळी पाण्यापेक्षा हलकी असते. तिचा लहान तुकडा बुडबुडे काढून पाण्यात सोडल्यास तो तरंगला पाहिजे. तो बुडाला, तर तिच्यात शंभर भागांस सुमारे दहा भाग किंवा त्याहून अधिक खनिज भुकटी मिसळली असण्याचा संभव आहे.

काही ठिकाणी पाईपाचा तुकडा जाळून परीक्षा करण्याची पद्धत आहे. पी.व्ही.सी. जाळल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो व तो डोळ्यांस व फुप्फुसांस अपाय करतो. हा प्रकार कोणीही करू नये. राखेची तपासणी प्रयोगशाळेतच व्हावी.

खरेदी व हाताळणी

वरील परीक्षेने भुकटीचे प्रमाण कळते. तिला लेप आहे की नाही, मिश्रण नीट झाले की नाही, हे कळत नाही. त्यासाठी मानक चिन्हाचाच आधार घ्यावा. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो पाहत आहे. पी.व्ही.सी. पाईपांचे मानक आय.एस. ४९८५ हे आहे. या मानकात पाईप शून्य अंश सेल्सिअस तापमानाला थंड करून त्यावर ठरावीक वजन टाकण्याची चाचणी सांगितली आहे. वर वर्णिलेल्या पहाटेच्या अपघाताची ही जणू आगाऊ परीक्षाच होय.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. आय.एस.आय. चिन्ह, मानक क्रमांक, परवाना क्रमांक, बाह्य व्यास व दाबाचा वर्ग हे पाईपावर छापलेले आहेत की नाही ते पाहावे. परवाना क्रमांक बी.आय.एस. केअर या मोबाईल ॲपवर पडताळून पाहता येतो.

२. दोन पाईपांची तुलना करताना व्यास व दाबाचा वर्ग सारखा असल्याची खात्री करावी. नुसता हाताला लागणारा जडपणा ग्राह्य धरू नये.

३. पावती अवश्य घ्यावी व तीवर मानक क्रमांक लिहून घ्यावा. तक्रारीच्या वेळी हाच पुरावा ठरतो.

४. पाईप फेकून उतरवू नयेत, विशेषतः थंडीत. ते सावलीत, सपाट जागेवर रचावेत.

५. चरात पाईपाखाली दगड राहू देऊ नयेत. खाली-वर मऊ माती घालून मगच चर बुजवावा.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी घनतेची ही परीक्षा एखाद्या शेतकरी मेळाव्यात प्रत्यक्ष करून दाखवावी. पाव तासात ती आटोपते. हंगामापूर्वी चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून पाईप आणावयाचे असतील, तर एका तुकड्यावर आधी ही परीक्षा करून मगच सर्वांनी पैसे द्यावेत. चुनखडी ही आपली शत्रू नाही. प्रमाण सुटलेली व लेपाविना घातलेली चुनखडी मात्र गव्हाच्या ऐन पाण्याच्या वेळी दगा देते. ज्या शेतकऱ्याने जड म्हणून पाईप घेतला होता, त्याने पुढील वर्षी दुकानात जाताना काटा आणि दोरा बरोबर नेला.